फिरत्या सुट्ट्यांचं वकीलपत्र

डिसेंबरात नवी दिनदर्शिका घरात येते आणि खिळ्याला टांगली जाण्याआधी तिचं एक पारायण होतं. या पारायणात एकादशी, प्रदोष, संकष्टी यांना कोणी विचारत नाही. बोट फिरतं ते फक्त लाल आकड्यांवरून. सण सोमवारी किंवा शुक्रवारी निघाला की चेहरे उजळतात, बुधवारी निघाला की "बरं, असू दे" म्हणून पान उलटलं जातं, आणि रविवारी निघाला की घरातून एक लांबलचक 'च्च' ऐकू येतं. २०२५ च्या दिनदर्शिकेने हे 'च्च' एका आठवड्याच्या अंतराने दोनदा काढायला लावलं. गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी. रामनवमी ६ एप्रिलला, पुन्हा रविवारीच. हक्काच्या दोन सुट्ट्या ओळीने बुडाल्या. अशा वेळी कचेरीतला एखादा तर्कशुद्ध माणूस जेवणाच्या डब्यावरून मान वर करतो आणि एक सूचना मांडतो : सरकार हे सण एकदाचे एका तारखेला बांधून का टाकत नाही? कधी मार्च, कधी एप्रिल. होळी कधी आज, कधी उद्या. चंद्रावर यान उतरवणारा देश आणि पाडवा कधी हे अजून भिंतीला विचारावं लागतं! सव्वीस जानेवारी बघा कसा वर्षानुवर्षं शिस्तीत येतो.

सूचना करणारी माणसं शिकली-सवरलेली असतात, त्यामुळे ती हसण्यावारी नेऊन चालणार नाही. पण मी वकीलपत्र घेतलंय ते दुसऱ्या बाजूचं. माझं म्हणणं असं की, ज्या सणांना आपण फिरते म्हणतो ते आपापल्या जागी घट्ट उभे आहेत आणि आपली तक्रार मुळात त्यांच्या फिरण्याबद्दल नाहीच. ती रविवारबद्दल आहे. पहिला पुरावा फिर्यादीच्याच साक्षीदाराचा. शिस्तीचा पुतळा असलेला सव्वीस जानेवारीही २०२५ मध्ये रविवारीच आला होता. म्हणजे त्या वर्षी ठरलेल्या तारखेची सुट्टीही बुडाली आणि न ठरलेल्या तारखेचीही. पण पहिलीच्या वेळी कोणी राज्यघटनेत दुरुस्ती मागितली नाही आणि दुसरीच्या वेळी मात्र सगळं पंचांग मोडीत काढायची भाषा झाली. दुसरा पुरावा २०२६ चा. पाडवा ३० मार्चवरून सरकून १९ मार्चला आला, म्हणजे चांगला अकरा दिवस फिरला. पण तो गुरुवार होता. शुक्रवारी एक किरकोळ रजा टाकली की पाच दिवसांच्या आठवड्यावाल्यांना सलग चार दिवस मिळत होते. त्या वर्षी पंचांगाच्या अशास्त्रीयपणाबद्दल डब्यावर कोणी चकार शब्द काढला नाही.

यातून सुट्ट्यांचा एक साधा नियम निघतो. कोणतीही सुट्टी सगळंच धरून ठेवू शकत नाही. ती एक काही तरी धरते आणि बाकीचं सोडून देते. सव्वीस जानेवारीने तारीख धरली, वार सोडला. गुड फ्रायडेने वार धरला, तारीख सोडली. पाडव्याने चंद्र आणि ऋतू धरला, तारीख आणि वार दोन्ही सोडले. रमजान ईदने फक्त चंद्र धरला आणि ऋतूही सोडून दिला. आता यातली कोणती सुट्टी 'फिरती' हे सांगणारा खरं तर स्वतः कुठे उभा आहे तेवढंच सांगत असतो. पगारपत्रकावर उभं राहून पाहिलं तर चंद्र फिरताना दिसतो. चंद्रावर उभं राहून पाहिलं तर पगारपत्रक फिरताना दिसेल. तिथे अजून आस्थापना विभाग उघडलेला नाही, एवढंच.

हिशोब फारसा अवघड नाही. चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत उरकतात, सूर्याला ३६५ आणि वर पाव दिवस लागतो. दरसाल अकराएक दिवसांची तूट. ही तूट तशीच चालू दिली की काय होतं ते ईदकडे पाहून कळतं. २०२३ साली ती २२ एप्रिलला होती, २०२४ ला ११ एप्रिलला, २०२५ ला ३१ मार्चला आणि २०२६ ला २१ मार्चला. सध्या तिचा मुक्काम वसंतात आहे, पण ती थंडीच्या दिशेने निघाली आहे आणि सगळे ऋतू हिंडून परत यायला तिला साधारण तेहतीस वर्षं लागतात. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात रमजानचा महिना दोनदा लागेल, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा. पारशी मंडळींनी याच्या उलट केलं. त्यांच्या शहेनशाही पंचांगाने ३६५ दिवस पक्के धरले आणि वरच्या पाव दिवसाकडे काणाडोळा केला. पाव दिवसाने काय बिघडतं? बिघडतं ते हे की, हजारेक वर्षांपूर्वी वसंतात येणारं त्यांचं नववर्ष मागे मागे घसरत आज ऑगस्टच्या मध्यावर येऊन ठेपलं आहे. वसंत अगदीच हातचा जाऊ नये म्हणून २१ मार्चला जमशेदी नवरोज वेगळा करतात, तो भाग निराळा.

आपल्या पंचांगाने मात्र दोन्हीकडच्या पाहुण्यांना सांभाळायचं ठरवलं. तूट साठू द्यायची आणि महिन्याएवढी झाली की एक जादा महिना घालून खातं बरोबर करायचं. हाच तो अधिक महिना, धोंड्याचा महिना, जावयाचा महिना. वर्षाला अकरा म्हणजे तीन वर्षांत तेहतीस दिवस, आणि जावयाला वाण द्यायचे अनारसेही तेहतीसच. दोन्हींचा संबंध जोडायचा मोह होतो, पण जावई मोजतात ते खगोलशास्त्रासाठी नव्हे. या व्यवस्थेचा परिणाम कागदावर पाहण्यासारखा आहे. पाडवा २०२१ ला १३ एप्रिलला, २०२२ ला २ एप्रिलला, २०२३ ला २२ मार्चला. मग अधिक श्रावण आला आणि २०२४ चा पाडवा उडी मारून ९ एप्रिलला गेला. तिथून पुन्हा ३० मार्च, १९ मार्च, आणि २०२६ च्या अधिक ज्येष्ठानंतर परत ७ एप्रिल. मार्चचा मध्य ते एप्रिलचा मध्य एवढंच त्याचं अंगण. या अंगणाबाहेर तो पाऊल टाकत नाही. ज्याला आपण बेभरवशाचा म्हणतो, त्याचं वागणं पुढच्या शंभर वर्षांसाठी आज लिहून देता येतं. पुढच्या महिन्यातली लोकल कधी येईल ते देता येत नाही.

शिवाय हा आपला एकट्याचा गावठी कारभार आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी गुड फ्रायडेकडे बघावं. वसंत संपातानंतरची, म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. इ.स. ३२५ च्या निकेया परिषदेत ईस्टर सगळ्यांनी एकाच दिवशी करायचा असं ठरलं, त्यातून पुढे हा नियम रूढ झाला. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो. २२ मार्चला तो शेवटचा आला होता १८१८ साली आणि पुन्हा येणार २२८५ साली. २५ एप्रिलला १९४३ मध्ये आला होता, आता २०३८ मध्ये येईल. पस्तीस दिवसांची ही दौड पाहिली की आपला पाडवा अगदी घरकोंबडा वाटतो. गंमत अशी की, ही पौर्णिमा बहुतेक वेळा आपल्याच ओळखीची निघते. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला आणि गुड फ्रायडे ७ एप्रिलला होता. २०२६ साली २ आणि ३ एप्रिल. २०२२ मध्ये आधी गुड फ्रायडे आणि दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती. ज्यू लोकांचा पासओव्हरही वसंतातल्या पौर्णिमेचाच, आणि त्याच्या महिनाभर आधीचा पुरीम हा तर थेट होळीचा शेजारी. कोकणातल्या बेने इस्रायली लोकांनी पूर्वी पुरीमला सरळ 'होळीचा सण' असंच नाव दिलं होतं. तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या त्या माणसांना कोणी खगोलशास्त्र शिकवलं नव्हतं. वर चंद्र आणि शेजाऱ्याच्या अंगणात होळी, एवढ्यावर त्यांचं भागत होतं.

गोव्यात तर या चंद्राचे दोन पगारी नोकर एकामागोमाग कामावर येतात. कार्निव्हल ईस्टरपासून उलटा मोजत येतो आणि चाळीस दिवसांच्या उपासाआधीच्या शनिवार ते मंगळवार धुडगूस घालून जातो. शिगमो फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास येतो. एकाचा हिशोब रोमहून, दुसऱ्याचा पंचांगातून, पण दोघंही वर्षावर्षाला पुढेमागे सरकतात. पणजी-मडगावच्या रस्त्यांवर आधी किंग मोमो आणि मग ढोल-ताशे, रोमटामेळ. चित्ररथांच्या मिरवणुका कोणत्या गावात कोणत्या दिवशी हे पुन्हा सरकारी वेळापत्रक ठरवतं. एवढं होऊनही कोणाचा कार्निव्हल हुकल्याचं किंवा शिगमो राहून गेल्याचं ऐकिवात नाही.

आता फिर्यादी म्हणेल, जुन्या काळी सोय नव्हती म्हणून हे चाललं. आधुनिक माणसाने मनावर घेतलं तर एक कायदा करून प्रश्न मिटेल. तर तो कायदा झालेला आहे. ब्रिटिश पार्लमेंटने १९२८ साली ईस्टर कायदा संमत केला. एप्रिलमधल्या दुसऱ्या शनिवारनंतरचा पहिला रविवार तो ईस्टर, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. राजाची संमती मिळाली, पुस्तकात छापला गेला, आणि आजवर एकाही वर्षी लागू झाला नाही. कारण अंमलबजावणीआधी चर्चचं मत विचारात घ्यावं असं त्याच कायद्यात म्हटलं आहे आणि चर्चचं मत हे असं कोणाला हातोहात मिळत नसतं. जवळजवळ शंभर वर्षं हा कायदा सगळ्या ईस्टरांकडे बसल्या जागेवरून पाहतो आहे. पुढे १९६३ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेनेही ठरावीक रविवाराला आपली हरकत नाही, बाकीच्या ख्रिस्ती पंथांचीही तयारी असावी, असं सांगितलं. बाकीचे अजून विचार करत आहेत. पाश्चात्त्य आणि ऑर्थोडॉक्स चर्चचे ईस्टर २०२५ मध्ये २० एप्रिलला एकत्र आले होते आणि २०२६ मध्ये लगेच आठवड्याने वेगळे झाले. पण मला त्या १९२८ च्या कायद्यातली खरी मेख दुसरीच दिसते. तो लागू झाला असता तरी ईस्टर ९ ते १५ एप्रिल यांत फिरतच राहिला असता! कारण त्यांना तारीखही हवी होती आणि रविवारही सोडवत नव्हता. एवढ्या मोठ्या साम्राज्याने बळ लावून पस्तीस दिवसांचे सात केले, साताचा एक करता आला नाही.

आपण याहून जास्त जोर लावला. स्वातंत्र्यानंतर देशात किती पंचांगं चालतात ते पाहायला १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. साहा ताऱ्यांच्या प्रकाशावर मूलभूत काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांना देशात तीसएक कालगणना आढळल्या. ताऱ्यांनी त्यांना इतकं दमवलं नसावं. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली : शके १८७९, चैत्र १. हिच्यात काही म्हणजे काही हलत नाही. चैत्राचा पहिला दिवस दरवर्षी २२ मार्चला, लीप वर्षात २१ ला. महिन्यांची लांबी ठरलेली, अधिक महिना नाही, क्षयतिथी नाही, ग्रहणाची भानगड नाही. तर्कशुद्ध माणसाने जे मागितलं ते सगळं तिच्यात आहे आणि आज ती राजपत्राच्या माथ्यावर, आकाशवाणीच्या निवेदनात आणि सरकारी पत्रांच्या कोपऱ्यात सुखरूप नांदते आहे. त्या कोपऱ्याबाहेर तिच्या चैत्र १ ला कोणी गुढी उभारल्याचं दिसत नाही. २०२३ साली पाडवा फिरत फिरत नेमका २२ मार्चला आला, म्हणजे पंचांगाचा चैत्र आणि सरकारचा चैत्र एका दिवशी लागला. हलणाऱ्याने न हलणाऱ्याच्या घरी जाऊन भेट घेतली. सरकारी बाजूने कोणी दार उघडलं नाही, कारण सरकारला त्या दिवशी पाडव्याची सुट्टी होती. आणि समितीही भाबडी नव्हती. धार्मिक सण तिने या ठोकळेबाज महिन्यांना जुंपले नाहीत, ते तिथीवरच ठेवले. त्यासाठी कोलकात्याहून सरकारतर्फे राष्ट्रीय पंचांग निघतं, मराठीतही निघतं. अचल दिनदर्शिका काढणारं सरकारच चल सणांचं पंचांग छापतं, यापरता माझ्या पक्षकारांच्या बाजूने दुसरा दाखला कुठला हवा?

तारीख ठरवली की प्रश्न सुटतो या समजुतीची सगळ्यात जवळची परीक्षा आपल्याच महाराष्ट्रात झाली आहे. शिवजन्माची तिथी शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, आणि इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. शासनाने तारीख निश्चित केली, सुट्टीही १९ फेब्रुवारीची. त्याने तिथीवाले थांबले का? मुळीच नाही. महाराष्ट्राला एका वर्षात दोन शिवजयंत्या मिळाल्या आणि दोन्ही तितक्याच थाटात होतात. ढोलपथकांची याबद्दल काही तक्रार असेल असं वाटत नाही. पण तारखेच्या पक्केपणाबद्दल बोलायचं तर ही १९ फेब्रुवारी जुन्या, जूलियन कॅलेंडरातली आहे. पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये काढलेलं, आज आपण वापरतो ते कॅलेंडर लावलं तर तोच शुक्रवार १ मार्च १६३० ठरतो. इंग्रजांनी हे नवं कॅलेंडर १७५२ पर्यंत स्वीकारलं नव्हतं आणि स्वीकारलं तेव्हा सप्टेंबरातले अकरा दिवस गाळून टाकले. तिथी तेव्हाही फाल्गुन वद्य तृतीया होती, आजही तीच आहे. आता यात स्थिर कोण आणि फिरतं कोण हे न्यायालयानेच पाहावं. उत्सव कोणत्या दिवशी करावा याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या वादात पडण्याइतका धीट वकील अजून जन्माला यायचा आहे.

फिर्यादीचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. सण फिरेनात का, म्हणतो तो, पण निदान एका वर्षी तरी सगळ्यांचा एका दिवशी यावा! २०२६ ची होळी आठवा. पौर्णिमेला, ३ मार्चला, खग्रास चंद्रग्रहण आलं. महाराष्ट्राची धुळवडीची सुट्टी ३ मार्चला, दिल्लीतल्या कचेऱ्यांची ४ मार्चला. हे खरं आहे. आणखीही खरं सांगायचं तर, पंचांगात प्रत्येक सणाची हजेरी वेगळ्या वेळी लागते. पाडव्याची प्रतिपदा सूर्योदयाला हजर पाहिजे, रामनवमीची नवमी माध्यान्ही, होळीची पौर्णिमा संध्याकाळी आणि महाशिवरात्रीची चतुर्दशी मध्यरात्री. दिवस सूर्याचा, तिथी चंद्राची, ती दुपारी चार वाजून काही मिनिटांनीही संपू शकते. मग या मस्टरवर कोणाची सही कोणत्या दिवशी पडेल यावर दोन जाणकारांचे तीन अभिप्राय येतात. त्यातच टिळक पंचांग मानणाऱ्यांचा अधिक महिना कधी कधी वेगळा पडतो आणि त्यांचे सण बाकीच्यांच्या महिनाभर आधी होऊन जातात. कोकणात तर शिमग्याचेही दोन प्रकार, त्रयोदशीचे तेरसे आणि पौर्णिमेचे भद्रे. पालखी कोणत्या वाडीत कोणत्या दिवशी येणार हे गावकरी आणि मानकरी ठरवतात, दिनदर्शिका नाही.

एवढं सगळं कबूल केल्यावर उत्तर काय? उत्तर हेच की, या गोंधळाने बुडालेला माणूस दाखवा. मुंबईच्या चाकरमान्याला आपल्या गावचे शिमगे तेरसे की भद्रे, पालखी घरी कोणत्या दिवशी आणि त्यासाठी कोणत्या रात्रीची एसटी पकडायची हे तोंडपाठ असतं. तोच माणूस स्वतःच्या लग्नाची तारीख विचारली तर बायकोकडे बघतो. जत्रांचंही तसंच. जोतिबाचा गुलाल चैत्र पौर्णिमेला, कार्ल्याच्या एकवीरेची पालखी चैत्र शुद्ध सप्तमीला, देहूची बीज आणि पैठणची षष्ठी फाल्गुन वद्यात. लाखो माणसं कोणाच्या निमंत्रणाशिवाय बरोबर त्या दिवशी तिथे पोचतात. ठरलेल्या तारखेला पोचत नाहीत ती वीजबिलं आणि हप्ते भरणारी माणसं.

दुसरा आक्षेप हिशोबनिसांचा. ऐन मार्चअखेरीस, ताळेबंद जुळत नसताना, हे सण मध्ये तडमडतात. २०२४ मध्ये २९ मार्चला गुड फ्रायडे आणि ३१ मार्चला रविवार, तोही ईस्टरचा. तरी सरकारी व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने बँका रविवारी उघड्या ठेवायला लावल्या. हिशोबनिसांबद्दल मला सहानुभूती आहे, पण ३१ मार्च ही काही सृष्टीच्या आरंभी ठरलेली तारीख नव्हे. हिंदुस्थान सरकारचं आर्थिक वर्ष १८६७ पर्यंत १ मेला सुरू होत असे, मग इंग्लंडशी जुळावं म्हणून ते १ एप्रिलवर आणलं. इंग्लंडातल्या सामान्य करदात्याचं वर्ष तर आजही ६ एप्रिलला सुरू होतं, कारण त्यांचं जुनं नववर्ष २५ मार्चला, मेरीमातेच्या सणाला, सुरू होई. १७५२ च्या त्या गाळलेल्या अकरा दिवसांची महसूल खात्याने भरपाई करून घेतली आणि पुढे १८०० साली आणखी एक दिवस पदरात पाडला. म्हणजे ज्याच्या नावाने बँकांत रात्री दिवे जळतात, ते वर्षही वसंतातला एक सरकलेला सणच निघालं. फरक एवढाच की, त्या दिवशी गोडधोड नसतं.

परदेशातल्या मराठी मंडळांनी यावर व्यवहारी तोडगा काढला आहे : पाडवा जवळच्या शनिवारी. तिथीऐवजी हॉल मोकळा असणं हा तिथला मुहूर्त. तक्रार करणाऱ्यांना हाच उपाय पटेल, आणि रजेच्या दृष्टीने तो बिनतोडही आहे. पण पाडवा कायमचा शनिवारी नेला तर तो सुट्टी म्हणून संपलाच, कारण शनिवारची सुट्टी आधीच आहे! फिर्यादीने मागितलेला न्याय तंतोतंत दिला तर पहिला तोटा फिर्यादीचाच. उलट आजच्या व्यवस्थेत वारांची वाटणी आपोआप होते. तिथीच्या कोणत्याही सणाची रविवारशी कायमची सोयरीक नाही. एका वर्षी बुडतो, दुसऱ्या वर्षी गुरुवारी येऊन उधारी फेडतो.

शिवाय ताटातला फरक आहेच. १९ मार्चच्या पाडव्याला हापूसच्या पेटीचा भाव ऐकून माणूस मुकाट श्रीखंडाकडे वळतो. १३ एप्रिलच्या पाडव्याला निदान भाव विचारायची हिंमत होते. साखरेच्या गाठी करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही सारखेच. शिमगा झाला की अमावास्या, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी माल विकलेला पाहिजे, इतकं त्याचं वेळापत्रक सरळ आहे. मार्च की एप्रिल हे त्याला ठाऊक नसलं तरी पाकाची कढई वेळेवर चढते. लिंबालाही कोवळी पालवी फुटायला सामान्य प्रशासन विभागाची अधिसूचना लागत नाही.

तेव्हा सूचना फेटाळण्यात यावी, अशी माझी विनंती आहे. आणि तर्कशुद्ध मंडळींना रिकाम्या हाताने परत पाठवायला नको, म्हणून त्यांच्या कामाची एक माहिती. २०२७ चा पाडवा ७ एप्रिलला, बुधवारी आहे. तो सोडून द्या. पण त्याच्या पुढच्या आठवड्यात १४ एप्रिल, आंबेडकर जयंती, बुधवारी येते आणि लगेच गुरुवारी, १५ तारखेला, रामनवमी. एक सुट्टी न हलणारी, एक हलणारी, आणि दोघी शेजारी शेजारी. शुक्रवार १६ एप्रिलच्या रजेचा अर्ज आजच टाका, नंतर साहेब स्वतः टाकून बसतात.